आरओ प्लांटच्या मेंब्रेनवर क्षार साचतात: तिसरा संच गेला, चूक नेमकी कुठे होते आहे?

पाणीपट्टी

लातूर जिल्ह्यातल्या आमच्या गावात पिण्याच्या पाण्याचा ताशी १,००० लिटरचा आरओ प्लांट आहे. बाहेर नाणे टाकून २० लिटरचा जार भरण्याची सोय आहे. आत वाळूचा फिल्टर, कार्बन फिल्टर, ५ मायक्रॉनचा कार्ट्रिज, हाय प्रेशर पंप आणि एकापाठोपाठ एक जोडलेली ४०४० मापाची (४ इंच व्यास, ४० इंच लांबी) ४ मेंब्रेन असा नेहमीचा संच आहे. मी समितीचा हिशेब पाहतो, तांत्रिक माणूस नव्हे; पण मेंब्रेनचा तिसरा संच बाद झाल्यावर हिशेब पाहणाऱ्यालाच झोप लागेनाशी झाली.

प्रत्येक वेळी क्रम तोच असतो. सहा-सात महिने सगळे सुरळीत चालते, मग शुद्ध पाण्याची धार बारीक होत जाते, पंपाचा दाब वाढवावा लागतो आणि शेवटी जारमधल्या पाण्याचा टीडीएसही (विरघळलेले एकूण क्षार) चढू लागतो. या वेळी मेंब्रेन बाहेर काढताना मी स्वतः उभा होतो. पहिले मेंब्रेन एका हाताने उचलता आले. चौथे मात्र ओल्या पोत्यासारखे जड लागले आणि त्याच्या टोकाच्या जाळीवर नखाने खरवडल्यावर पिठीसाखरेसारखी पांढरी भुकटी निघाली. ती वाटीत घेऊन वर संडास साफ करायचे ॲसिड टाकले तेव्हा ती फसफसली, परंतु तळाशी थोडी कचकच तशीच राहिली.

बोअरच्या पाण्याचा ताजा अहवाल असा आहे: पीएच ७.४, टीडीएस १,१८०, एकूण कठीणपणा ५६०, त्यापैकी कॅल्शियमचा ३४०, अल्कता ३८०, सिलिका ४८ (पीएच सोडून सर्व मिलिग्रॅम प्रति लिटर). पुरवठादाराचे उत्तर ठरलेले आहे, "तुमचं पाणीच तसं आहे." अँटिस्केलंटचा, म्हणजे क्षार बसू न देणाऱ्या औषधाचा, डोसिंग पंप बसवलेला आहे. आणखी एक गोष्ट कबूल करतो. उन्हाळ्यात बोअर दमते, म्हणून दोन वर्षांपूर्वी मीच ऑपरेटरला रिजेक्टचा, म्हणजे क्षार घेऊन बाहेर टाकल्या जाणाऱ्या पाण्याचा, व्हॉल्व्ह आवळायला सांगितले. तेव्हापासून १,००० लिटर शुद्ध पाण्यामागे साधारण ३३० लिटरच बाहेर जाते. पाणी वाचवले म्हणून ग्रामसभेत कौतुकही झाले होते.

जुना_ऑपरेटर

पाणीपट्टी साहेब, आपण अहवालाचे आकडे दिलेत, म्हणून उत्तर देणे सोपे झाले. एरवी लोक नुसता टीडीएस सांगतात आणि टीडीएसवरून क्षार बसतील की नाही हे कळत नाही. मी पाताळगंगेच्या पट्ट्यात एका कारखान्याच्या युटिलिटी विभागात बरीच वर्षे काढली आहेत, त्या अनुभवावरून लिहितो.

मेंब्रेन पाणी पलीकडे जाऊ देते आणि क्षार अलीकडेच अडवते. म्हणजे अडवलेले सगळे क्षार रिजेक्टच्या उरलेल्या पाण्यात गोळा होतात. आपण १,३३० लिटर आत घेऊन १,००० लिटर काढून घेता, तेव्हा रिकव्हरी, म्हणजे आत घेतलेल्यापैकी शुद्ध निघणारे पाणी, ७५ टक्के होते आणि उरलेल्या ३३० लिटरमध्ये क्षार चौपट होतात. रिकव्हरी ५० टक्के असती तर ते दुप्पट झाले असते, आणि ८० टक्के केली तर पाचपट होतील. रिकव्हरी पाच टक्क्यांनी वाढली तरी क्षार पाच टक्क्यांनी वाढत नाहीत, ते शेवटी शेवटी उडी मारतात, आणि व्हॉल्व्ह हातात असलेल्या माणसाला हे डोळ्यांनी दिसत नाही.

आता आपल्या पाण्याचा लँगेलिअर निर्देशांक काढू. पाण्यात कॅल्शियम कार्बोनेट विरघळलेले राहील की खाली बसेल हे सांगणारी ही पद्धत १९३६ सालची आहे. उत्तर शून्याच्या खाली आले तर पाणी चुना विरघळवते, वर गेले तर चुना बसवते. २८ अंश तापमान धरल्यास आपल्या बोअरच्या पाण्याचाच निर्देशांक ०.५७ च्या आसपास येतो, म्हणजे आपल्या बादल्यांनाही पांढरा थर येत असणार. ७५ टक्के रिकव्हरीवर रिजेक्टचा पीएच ८ च्या घरात जातो आणि निर्देशांक २.३ होतो. चांगल्या फॉस्फोनेट जातीच्या अँटिस्केलंटच्या जोरावरही छोट्या प्लांटने १.८ च्या पुढे जाऊ नये असे माझे मत आहे. कागदावर याहून मोठे आकडे सांगणारे विक्रेते भेटतील, पण त्यांच्या कागदावर डोसिंग पंप कधी हवा धरत नाही.

दुसरी गोष्ट वेगाची. ४ इंची मेंब्रेनच्या शेवटच्या टोकातून ताशी निदान ७०० लिटर तरी वाहत राहिले पाहिजे, तरच पृष्ठभागालगतचा दाट थर धुतला जातो. आपल्याकडे ३३० लिटरच वाहते आहे. सर्वांत खारे पाणी सर्वांत संथ वाहते ते चौथ्या मेंब्रेनमध्येच, म्हणून जड तेच लागले. पहिले मेंब्रेन खराब झाले असते तर मी गाळ किंवा शेवाळासारख्या जैविक थराचा संशय घेतला असता.

भूजल_वाचक

वाटीत राहिलेल्या त्या कचकचीबद्दल लिहितो, कारण ती माझ्या मते फसफसणाऱ्या भागापेक्षा महत्त्वाची आहे. मराठवाड्यातले पाणी दख्खनच्या काळ्या पाषाणातून, म्हणजे बेसाल्टमधून झिरपते. या खडकातल्या खनिजांची झीज होताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियमबरोबर सिलिकाही पाण्यात उतरते. पुष्कळ प्रयोगशाळा पिण्याच्या पाण्याच्या नेहमीच्या तपासणीत सिलिका मोजत नाहीत, कारण पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात तिला मर्यादाच नाही. पिणाऱ्याला तिचा उपद्रव नसतो, मेंब्रेनला असतो.

साधारण २५ अंशांना आणि उदासीन पीएचला सिलिका लिटरमागे १०० ते १२० मिलिग्रॅमपर्यंत विरघळलेली राहते. आपली ४८ आहे. चौपट केल्यावर १९२ होते. चुना ॲसिडने निघतो, पण सिलिका एकदा काचेसारखी बसली की ज्या रसायनांनी ती सुटते ती फ्लोराइडयुक्त आणि अत्यंत घातक असतात. गावच्या प्लांटवर त्यांचा विचारही करू नये. त्यामुळे आपल्या बाबतीत रिकव्हरीची हद्द चुन्यापेक्षा सिलिकाच आधी ठरवील. ६० टक्क्यांवर क्षार अडीचपट होऊन सिलिका १२० होते, म्हणजे अगदी काठावर. ५५ टक्क्यांवर ती १०७ च्या आसपास राहते.

जुना_ऑपरेटर

भूजल_वाचक यांच्याशी सहमत आहे. ५५ टक्क्यांवर निर्देशांकही १.६ च्या आत राहतो. १,००० लिटर शुद्ध पाण्यासाठी सुमारे १,८२० लिटर आत घ्यावे आणि ८२० लिटर रिजेक्ट सोडावे. शेवटच्या मेंब्रेनला लागणारा वेगही आपोआप मिळतो.

पाणीपट्टी

आपण दोघांनी गणित नीट समजावले, त्याबद्दल आभारी आहे. पण एक अडचण मोकळेपणाने मांडतो. ज्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथल्या माणसांना मी तासाला ८२० लिटर पाणी सोडून द्या असे कोणत्या तोंडाने सांगू? राष्ट्रीय हरित लवादानेही २०१९ मध्ये घरगुती आरओबाबत किमान ६० टक्के पाणी शुद्ध मिळावे अशी अपेक्षा व्यक्त केली होती. आपण मला ५५ वर यायला सांगता आहात.

जुना_ऑपरेटर

आपला राग रास्त आहे. लवादाचा उद्देश पाणी वाया जाऊ नये हा होता आणि तो योग्यच आहे, पण रिकव्हरीचा एकच आकडा सगळ्या पाण्यांना लागू पडत नाही. गोड्या पाण्यावर ७५ टक्के सहज जमतात, आपल्या बोअरवर जमत नाहीत. जास्त हवे असतील तर आधी पाण्यातला चुना आणि सिलिका कमी करण्याची सोय हवी, आणि ती ताशी १,००० लिटरच्या प्लांटला परवडत नाही. शिवाय चार मेंब्रेनचा एक संच बाद होतो तेव्हा किती जारांचे पैसे जातात, तेही त्याच ग्रामसभेपुढे मांडावे.

रिजेक्ट वाया घालवावे असे मी म्हटलेले नाही. ५५ टक्क्यांवर त्याचा टीडीएस २,६०० च्या आसपास असेल. गाड्या धुणे, संडास, बांधकामाची जागा धुणे यांना ते चालते. काँक्रीट कालवायला किंवा कोवळ्या रोपांना नको. पण त्याआधी मला सांगा, सध्या आपले रिजेक्ट जाते कुठे?

पाणीपट्टी

प्लांटच्या मागे शोषखड्डा केला आहे. पाणी जमिनीत मुरावे म्हणून बोअरपासून दहा-बारा पावलांवरच.

भूजल_वाचक

थांबा. प्लांट बसवला तेव्हाचा पाण्याचा अहवाल आपल्याकडे आहे का?

पाणीपट्टी

फाइल काढून पाहिली. तेव्हा टीडीएस ८७० होता आणि कठीणपणा ३९०. आता १,१८० आणि ५६० आहे. आम्ही सगळे दुष्काळाला बोल लावत होतो.

भूजल_वाचक

दुष्काळाचाही वाटा असेल, पण आपण चौपट खारे केलेले पाणी त्याच बोअरच्या उशाशी मुरवत होता आणि तेच पुन्हा उपसत होता. बेसाल्टमध्ये पाणी भेगांतून वाट काढते, त्यामुळे दहा-बारा पावले हे अंतर नव्हेच. खड्डा आजच बंद करा. जिथे मूळ पाण्यात फ्लोराइड आहे, उदाहरणार्थ यवतमाळकडच्या काही गावांत, तिथे तर असा खड्डा शेजारच्या विहिरींनाही बाधू शकतो.

सकारात्मक

एवढ्या गणिताची गरज नाही असे नम्रपणे सुचवतो. पाइपवर बाहेरून बसवायचे चुंबकीय कंडिशनर मिळतात, त्यांना वीज लागत नाही आणि रसायनही लागत नाही. माझ्या मेहुण्यांच्या बंगल्यात बसवल्यापासून गीझरमध्ये क्षार धरत नाहीत. नाहीतर सरळ सॉफ्टनर बसवावा, म्हणजे कठीणपणाचा प्रश्नच मिटतो.

जुना_ऑपरेटर

चुंबकाबद्दल वाद घालत नाही. कोणाकडे चुंबक बसवण्यापूर्वीच्या आणि नंतरच्या सहा-सहा महिन्यांच्या दाबाच्या व प्रवाहाच्या नोंदी असतील तर त्यांनी इथे द्याव्यात, मी वाचीन. गीझर आणि आरओ यांची तुलना मात्र होऊ शकत नाही. गीझरमध्ये पाणी तापल्यामुळे चुना बसतो, इथे तो दाटल्यामुळे बसतो, आणि सिलिकावर चुंबकाचा परिणाम होतो असे मी तरी कुठे पाहिलेले नाही.

सॉफ्टनर हा खरा उपाय आहे, पण त्याचा हिशेब करून पाहावा. ताशी १,८२० लिटर पाण्यात ५६० मिलिग्रॅमप्रमाणे सुमारे १ किलो कठीणपणा येतो. सॉफ्टनरमधले रेझिन (कठीणपणा धरून ठेवणारे मणी) पुन्हा ताजे करायला प्रत्येक किलोमागे व्यवहारात २ किलोच्या पुढेच मीठ लागते. दहा तास प्लांट चालला तर रोज २० किलोहून अधिक मीठ पाण्यात कालवायचे आणि ते खारे पाणी पुन्हा गावातच कुठेतरी सोडायचे. एवढे करून सिलिका आहे तिथेच राहते, कारण सॉफ्टनर तिला हात लावत नाही.

ॲसिड घालून पीएच उतरवणे हा जुना आणि चुन्यापुरता खात्रीचा मार्ग आहे. गंधकाम्ल वापरले तर सल्फेट वाढून जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) बसण्याचा धोका निर्माण होतो, म्हणून हायड्रोक्लोरिक बरे. परंतु ॲसिडमुळे तयार होणारा कार्बन डायऑक्साइड मेंब्रेनमधून आरपार जातो आणि शुद्ध पाणी आंबटसर होते. ज्या खोलीत एकच ऑपरेटर असतो आणि दुपारी त्याचा मुलगा डबा घेऊन येतो, तिथे ॲसिडचा कॅन ठेवायला मी सांगणार नाही. आपल्यासाठी कमी रिकव्हरी आणि बिनचूक अँटिस्केलंट एवढेच पुरे.

अँटिस्केलंट चुना काढून टाकत नाही, हे मात्र ऑपरेटरच्या मनावर बिंबवा. तो स्फटिकांच्या जन्मातच अडथळा आणतो, जन्मलेले वेडेवाकडे करून चिकटू देत नाही आणि पाण्याला बाहेर पडण्यापुरती सवड मिळवून देतो. आत येणाऱ्या पाण्यात लिटरमागे ३ मिलिग्रॅम धरले तर दहा तासांना ५५ ग्रॅमच लागतो. एवढी लहान मात्रा चुकली तरी कोणाला कळत नाही, म्हणून डोसिंगच्या टाकीवर उभी पट्टी चिकटवा आणि सकाळ-संध्याकाळ पातळी लिहून ठेवा. पंप टकटक करतो म्हणजे औषध जाते असे नव्हे. द्रावण आरओच्या शुद्ध पाण्यातच करावे. आणि जास्त घातले म्हणजे जास्त सुरक्षित हाही गैरसमज आहे. अतिरेक झाला तर फॉस्फोनेट स्वतःच कॅल्शियमबरोबर किंवा लोहाबरोबर साका धरतो.

स्पॅनर

मी पुण्यात घरगुती आणि छोट्या सोसायट्यांच्या आरओची दुरुस्ती करतो, त्यामुळे एक प्रश्न विचारतो. आपल्याकडे लोडशेडिंग किती तास असते आणि वीज गेल्यावर प्लांटचे काय होते?

पाणीपट्टी

रोज दोनदा तरी वीज जाते. प्लांट आहे तसा बंद पडतो आणि वीज आल्यावर ऑपरेटर पुन्हा सुरू करतो. रात्री तर दहा तास बंदच असतो.

स्पॅनर

मग तुमचा निम्मा चुना त्या दहा तासांत बसतो असे मी पैजेवर सांगतो. वीज जाते त्या क्षणी मेंब्रेनच्या नळीत सर्वांत दाट पाणी अडकलेले असते. अँटिस्केलंट त्याला थोपवतो, पण काही काळच. वाहत्या पाण्याला तेवढा काळ पुरतो, साठलेल्याला पुरत नाही. उपाय स्वस्त आहे. शुद्ध पाण्याची एक २०० लिटरची टाकी थोड्या उंचीवर ठेवा, हाय प्रेशर पंपानंतर, मेंब्रेनच्या आधी, तिची जोडणी एका नॉन-रिटर्न व्हॉल्व्हने घ्या आणि प्लांट थांबताच रिजेक्टचा फ्लश व्हॉल्व्ह पूर्ण उघडून पाच-सात मिनिटे कमी दाबाने सगळे धुऊन काढा. वीज नसली तरी उंचीमुळे पाणी उतरते. मी तीन सोसायट्यांत हे केले आहे.

तुळस_अंगणातली

विषय मोठ्या प्लांटचा आहे, तरी स्पॅनर दादांना विचारते. आम्ही सोलापूरला बोअरवर घरचा आरओ वापरतो. मेंब्रेन दरवर्षी बदलावे लागते. गेल्या वेळी आलेल्या मुलाने "ताई, पाणी फार वाया जातंय" म्हणून ड्रेनच्या नळीत काहीतरी बसवून दिले आणि तेव्हापासून बेसिनमध्ये थेंब थेंबच पाणी पडते. हे बरोबर आहे का?

स्पॅनर

ताई, ते ताबडतोब काढून घ्या. ड्रेनच्या नळीत फ्लो रिस्ट्रिक्टर म्हणून एक लहानसा भाग असतो, आम्ही त्याला एफआर म्हणतो, आणि तो मेंब्रेनच्या मापाशी जुळलेला असतो. त्याहून बारीक बसवला की पाणीपट्टी साहेबांनी व्हॉल्व्ह आवळून जे केले तेच तुमच्या ओट्यावर होते. ऑटो फ्लशचा एफआर मिळतो, तो बसवून घ्या. अँटिस्केलंटची कांडी असेल तर तिच्यातले गोळे संपले की बदलायचे असतात. रिकामी कांडी वर्षानुवर्षे लटकलेली मी खूप घरांत पाहिली आहे. ड्रेनचे पाणी बादलीत धरा, फरशी पुसायला आणि संडासात वापरा, कुंड्यांना मात्र नको.

खाडीपलीकडे

मी आखातात समुद्राचे पाणी गोडे करणाऱ्या प्रकल्पावर काम करतो. इकडे आत येणाऱ्या पाण्याचा टीडीएस ४०,००० च्या पुढे असतो, तरीही चुन्याची भीती तुमच्या बोअरपेक्षा कमी वाटते, हे ऐकून मित्रांना नवल वाटते. कारण सोपे आहे. दाबाच्या मर्यादेमुळे आम्हाला ४० टक्क्यांच्या आसपासच पाणी काढता येते, त्यामुळे क्षार पावणेदोनपटीच्या आतच राहतात.

पाणीपट्टी साहेबांना एक सुचवावेसे वाटते. प्रवाह कमी झाला की लगेच क्षार बसले असे समजू नका. पाणी एक अंशाने थंड झाले की मेंब्रेनचा प्रवाह सुमारे ३ टक्क्यांनी उतरतो, त्यामुळे डिसेंबरची घट निव्वळ थंडीचीही असू शकते. तापमान नोंदवहीत लिहिल्याशिवाय बाकीचे आकडे मुके राहतात. तापमान वजा जाता प्रवाह १० ते १५ टक्के उतरला तर धुण्याची वेळ झाली समजावे.

जुना_ऑपरेटर

आणि धुणे सायट्रिक ॲसिडच्या २ टक्के द्रावणाने, शुद्ध पाण्यात, कमी दाबाने फिरवून करावे. १५ टक्क्यांवर धुतलेले मेंब्रेन परत येते, ४० टक्क्यांवर धुतलेले बहुधा येत नाही. पुरवठादार धूत असताना फिरणाऱ्या द्रावणाचा पीएच अधूनमधून मोजून पाहा. पीएच सारखा वर चढत असेल तर आत अजून चुना विरघळतो आहे.

पाणीपट्टी

चार महिन्यांनी पुन्हा लिहितो आहे. नवा संच बसवताना रिकव्हरी ५५ टक्क्यांवर आणली. शोषखड्डा बुजवून रिजेक्ट गावाच्या सार्वजनिक संडासाच्या टाकीत आणि ट्रॅक्टर धुण्याच्या ओट्यावर नेले. गच्चीवर २०० लिटरची टाकी ठेवली, आणि वीज गेली की ऑपरेटर आधी फ्लश व्हॉल्व्ह उघडतो, मग चहाला जातो.

नोंदवहीतले आकडे असे आहेत: पहिल्या आठवड्यात २९ अंशांना शुद्ध पाणी १,०२० लिटर, पंपानंतरचा दाब १०.५ किलो; आज २७ अंशांना ९६५ लिटर, दाब तोच. शुद्ध पाण्याचा टीडीएस ४२ होता, आज ४४ आहे. बोअरचा टीडीएस १,०४० वर उतरला आहे.

डोसिंगच्या टाकीवरच्या पट्टीमुळे एक गोष्ट उघड झाली. पहिल्या दहा दिवसांतच तीन दिवस पातळी तसूभरही हलली नव्हती, कारण पंपाने हवा धरली होती आणि तो टकटक करत होता. मागचे संच किती दिवस औषधाविना चालले असतील, कोण जाणे.

खाडीपलीकडे

दोन अंशांचे ६ टक्के वजा केले तर आपला प्रवाह जवळजवळ जसाच्या तसा आहे.

भूजल_वाचक

बोअरचा टीडीएस उतरला याचे श्रेय लगेच खड्डा बुजवण्याला देऊ नका, मधे पावसाळा झाला आहे. मे महिन्यात पुन्हा तपासा, आणि त्या वेळी सिलिका आवर्जून मोजून घ्या.

पाणीपट्टी

मे महिन्याची तपासणी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली. ग्रामसभेत ८२० लिटरवरून गरमागरमी झालीच. मी जुने चौथे मेंब्रेन आणि नवे कोरे मेंब्रेन शेजारी शेजारी टेबलावर ठेवले आणि ज्यांना शंका होती त्यांना दोन्ही उचलून पाहायला सांगितले. तरीही उन्हाळ्यात कोणीतरी व्हॉल्व्ह आवळणारच, आणि तो बहुधा मीच असेन, म्हणून रिजेक्टच्या व्हॉल्व्हचा दांडा काढून समितीच्या कपाटात ठेवला आहे. किल्ली ऑपरेटरच्या बायकोकडे आहे.